काठावरचे तात्या

आमच्या तात्यांनी आम्हाला पोहायला शिकवलं आणि त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं. हे मी आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे कळल्यावर तुम्ही म्हणाल, बाई वडिलांची लाज झाकत होती. झाकायची कसली डोंबलाची? ती सांगलीच्या घाटावर भर सकाळी, सगळ्या नातेवाइकांच्या देखत उघडी पडली. पण त्या उन्हाळ्यात मात्र ही गोष्ट तात्या आणि आई सोडून जगात कुणाला ठाऊक नव्हती, आणि तात्यांना तर वाटायचं की आईलाही ठाऊक नाही.

तात्या म्हणजे आमचे वडील, पलटणीत हवालदार. लढाई सुरू झाली तेव्हा ते बोटीत बसून परदेशी गेले, आणि लढाई संपल्यावर पुढच्या उन्हाळ्यात लांबलचक रजा घेऊन कोरेगावजवळच्या आमच्या गावी आले. ते गेले तेव्हा माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, नुकता शाळेत जायला लागला होता, मी शेंबडी होते आणि धाकटी सुली आईच्या पोटात होती. ते आले तेव्हा सुली अंगणात भातुकली मांडून बसली होती. तात्यांनी ट्रंक खाली ठेवली, मिशीवरून हात फिरवला, तिच्यापुढे उकिडवे बसले आणि म्हणाले, "वळख बघू, मी कोण?" सुलीनं त्यांना फेट्यापासून बुटापर्यंत नीट न्याहाळलं, उठली, आत गेली आणि आईला म्हणाली, "आये, पावणं आल्यात. च्या ठेव."

आई हसली, आम्ही हसलो, तात्याही हसले. पण दुसऱ्या दिवशीही ते पाव्हणेच राहिले आणि तिसऱ्या दिवशीही. आठवडा झाला तशी ही कार्टी चुलीपाशी बसून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा कुजबुजीत विचारायला लागली, "आये, पावणं कवा जाणार?" पडवीत दाढी करणाऱ्या तात्यांचा वस्तरा तिथल्या तिथं थांबायचा. मला त्यांचा चेहरा आरशात दिसायचा. पावसाळा तोंडावर आला की रजा संपणार होती. तोवर या पोरीनं आपल्याला बाप म्हणावं, एवढंच त्या माणसाला हवं होतं. आता बाप कसं व्हायचं हे पलटणीत कुणी शिकवत नाही. जे शिकवलं होतं ते त्यांनी आमच्यावर लागू केलं.

पहाटे शिट्टी व्हायची. खरीखुरी पितळी शिट्टी, गोफाच्या दोरीत ओवलेली. पहिल्या दिवशी शिट्टी झाली तेव्हा गोठ्यातला खोंड दावं तोडून ओढ्यापर्यंत पळाला. अंगणात आम्ही लायनीत उभं राहायचं आणि गिनती द्यायची. दादा ओरडायचा "एक!", मी ओरडायचे "दोन!", आणि उंबऱ्यावर बाहुलीला मांडीवर घेऊन बसलेली सुली शांतपणे म्हणायची, "मी न्हाई." तात्या पहिल्या दिवशी गोंधळले. नंतर ते गिनती पुरी झाली की स्वतःशीच अहवाल द्यायचे, "दोन हाजर, एक नाराज," आणि पुढच्या कामाला लागायचे.

कामं तरी कसली! अंगण झाडणं म्हणजे मोर्चा साफ करणं. आडावरून पाणी आणणं म्हणजे रसद. आईनं बाजेवर शेवया वाळत घातल्या की कोंबड्यांपासून पहारा. एकदा दादा शेवयांच्या पहाऱ्यावर होता. तात्यांनी येऊन विचारलं, "दुश्मन आला हुता का?" दादा म्हणाला, "न्हाई." मग बाजेच्या एका अंगाच्या शेवया गेल्या कुठं? दादाच्या तोंडाच्या कडेला एक शेवई लोंबत होती. तात्यांनी ती बोटानं काढली, उन्हात धरून बघितली आणि म्हणाले, "पहारेकरीच फितूर झाला म्हंजे किल्ला गेलाच की रं." शिक्षा म्हणून दादाला अंगणाला फेऱ्या मारायला लावल्या आणि स्वतः त्याच्या बरोबर पळाले, कारण एकट्याला पळवणं त्यांना बरं वाटेना. आई दारातून ओरडली, "आवं, धोतर तरी सावरा!"

त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं. आम्ही कशाला घाबरलो, म्हणजे अंधाराला म्हणा, पाटलाच्या कुत्र्याला म्हणा, की ते म्हणायचे, "भ्या हे सामान हाय. टरंकंत ठिवायचं, वर कुलूप घालायचं, आन् चालाय लागायचं." आम्हाला ते फार शूर वाटायचं. सुलीनं एकदा विचारलं, "आन् टरंक कुनी उचलायची?" तात्या मिशीवरून हात फिरवत गोठ्याकडं निघून गेले.

एके दिवशी संध्याकाळी अंगणात बसून ते बोटीच्या प्रवासाचं सांगत होते. "चारी बाजूला पानी. फुडं पानी, मागं पानी, खाली तर हायेच. जमीन म्हनून कुटं नजरंला पडायची न्हाई."  मग एकदम मांडीवर थाप मारून म्हणाले, "माझ्या पोरांना पवाय आलंच पायजे! रजा संपायच्या आत!" आम्हाला वाटलं, काय धाडसी बाप आहे. आई मात्र भाकरी थापता थापता थांबली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या मनात काय होतं ते मला फार उशिरा कळलं.

दुसऱ्या दिवसापासून पोहण्याचं शिक्षण सुरू झालं, आणि ते खळ्यावर. पाण्याचा थेंब नाही. भुसा भरलेली पोती मांडायची, त्यांवर पालथं पडायचं आणि तात्यांच्या हुकुमावर हातपाय मारायचे. "एक" म्हटलं की हात पुढं, "दो" म्हटलं की बाजूला, "तीन" म्हटलं की छातीशी, आणि पाय सतत बेडकावानी. परदेशात गोरे सोल्जर समुद्रात पोहायचे, ते तात्यांनी काठावर बसून नीट बघून ठेवलं होतं आणि त्याची कवायत बनवली होती. भर वैशाखात आम्ही दोघं भुशात तोंड घालून तासन्‌तास पोहत होतो. अंगाला अशी खाज सुटायची की सांगता सोय नाही. शेजारची पारूआत्या शेण टाकायला खळ्याकडं आली. आम्हाला बघून तिची पाटी हातातून पडली. ती धावत आईकडं गेली, "वैनी, पोरांना काय चावलंय का गं? का कुनाची नजर लागली?" आणि येताना अंगारा घेऊनच आली. तात्या म्हणाले, "आवं आत्या, पवाय शिकत्यात."

"पान्याबिगर?"

"बंदूक शिकवताना पहिल्या दिवशी काडतूस देत न्हाईत," तात्या म्हणाले. पारूआत्यानं तरीही आम्हाला अंगारा लावलाच, आणि जाता जाता थोडा तात्यांनाही लावून गेली.

मग एकदाचं काडतूस मिळालं. आमच्या मळ्यातल्या विहिरीला पायऱ्या होत्या. उन्हाळ्यानं पाणी खाली गेलं होतं, तरी दादाच्या डोक्यावरून जाईल एवढं होतं. पाठीला वाळके भोपळे बांधून आम्हाला उतरवलं. तात्या कोरड्या पायरीवर, खाकी चड्डी, पायात सरकारी बूट, हातात छत्री. "एक-दो-तीन, एक-दो-तीन," आणि काय सांगू, आम्ही तरंगायला लागलो की! खळ्यावर इतकं घोटलं होतं की हातपाय आपोआप चालत होते. पण त्यात एक गोची होती. सगळं तात्यांच्या आवाजावर होतं. मोजणी चालू तोवर आम्ही चालू. तात्यांना तपकिरीची सवय. त्यांनी चिमूट नाकाला लावली, "एक-दो—" म्हणाले आणि त्यांना शिंका सुरू झाल्या. आम्ही हुकुमाची वाट बघत हात बाजूला पसरून थांबलो, आणि थांबलो तसे भोपळे वर, तोंड खाली, असे उलटे झालो. मोटेवरच्या गड्यानं आम्हाला काढलं. पाणी ओकता ओकता दादा म्हणाला, "तात्या, तीन म्हनालाच न्हाई तुमी!"

सुली या सगळ्याला वरून बघायची. विहिरीच्या काठावर आंब्याच्या सावलीत बसायची आणि खाली उतरायला साफ नकार द्यायची. तिला पाण्याची जबर भीती. तात्या रोज वर जाऊन तिची मनधरणी करायचे. गूळ द्यायचे, बाहुलीला सलाम ठोकायचे, काय वाट्टेल ते. तिचं एकच, "तुमी उतरा, मग मी उतरते." इथं तात्यांची पंचाईत व्हायची. एक दिवस ते म्हणाले गुडघा दुखतोय. दुसऱ्या दिवशी म्हणाले, आज अवस हाय. तिसऱ्या दिवशी म्हणाले, उस्ताद पाण्यात उतरला की लायन बिघडती. मग म्हणाले, "ह्ये बूट सरकारी हायेत. भिजलं तर कोर्ट मार्शल हुतं."

"मग बूट काडा," सुली म्हणाली.

"बूट काडायचा हुकूम न्हाई."

सुलीनं थोडा विचार केला आणि विहिरीत आवाज घुमेल अशी म्हणाली, "पावन्यांना पवायला येत न्हाई." दादा खालून खवळला, "ए भवाने! समुद्र वलांडून आल्यात तात्या!" सुली म्हणाली, "बोटीतनं." तात्यांनी छत्री मिटली, उघडली, पुन्हा मिटली, आणि "आज एवढंच" म्हणून घराकडं निघाले. मला तेव्हाही शंका आली नाही. आपल्या बापाला एखादी गोष्ट येत नसेल, हे पोरांच्या डोक्यात यायला फार वेळ लागतो. सुलीच्या लेखी ते बाप नव्हतेच, म्हणून तिला स्वच्छ दिसत होतं.

दर उन्हाळ्यात आम्ही आईच्या माहेरी सांगलीला जायचो. त्या वर्षी प्रथमच तात्यांबरोबर निघालो, म्हणजे मोहीमच झाली म्हणा. कोरेगावला गाडीत चढल्यापासून तात्यांनी डब्यातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं की आपली पोरं किस्ना पार करणार. मिरजेला गाडी बदलायची होती. फलाटावर ही गर्दी! तात्यांनी गिनती घेतली. "एक!" "दोन!" आणि पुढं काहीच नाही. "मी न्हाई" सुद्धा नाही. तात्यांचा रंग उडाला. त्यांनी शिट्टी तोंडात घातली आणि फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फुंकत पळाले. लोकांना वाटलं गाडी सुटली. अर्धा फलाट मुलाबाळांसकट, बोचक्यांसकट दिसेल त्या डब्यात घुसला आणि मग शिव्या घालत परत उतरला. सुली आमच्या मागे ट्रंकेवर बसून शेंगा खात होती. तिच्या तोंडात शेंगा होत्या म्हणून ती बोलली नव्हती.

तात्यांनी येऊन तिला उचलून छातीशी घट्ट धरलं. ती लाथा झाडत किंचाळली, "सोडा मला! म्या वळकत न्हाई तुमाला!" झालं. लोक जमले. मिशीवाला माणूस, रडणारी पोर, आणि ती म्हणते ओळखत नाही. पोलीस जमादार आला. त्यानं आईला विचारलं, "बाई, ह्यो मानूस कोन?"

"माजं मालक."

"नाव काय?"

आईनं पदर पुढं ओढला. नवऱ्याचं नाव कसं घेणार? दादानं तोंड उघडलं तर जमादार म्हणाला, "तू गप, तू पढवलेला असशील." तात्या स्वतःचं नाव सांगायला लागले तर त्यांनाही गप केलं. "बाई, तुमचा खरंच नवरा आसंल तर नाव सांगा. न्हाईतर चला चौकीवर." आई घामाघूम झाली. शेवटी तिनं डोळे मिटले आणि भर मिरजेच्या फलाटावर, लग्नात घ्यावं तसं, खणखणीत नाव घेतलं:

"मिरजेच्या ठेसनात लोकं जमली फार,
गणपतरावांचं नाव घेते, सोडा की जमादार!"

फलाटावर टाळ्या पडल्या. कुणीतरी "वा वैनी!" म्हणालं. जमादारानं तात्यांना सलाम ठोकला आणि आमची ट्रंक सांगलीच्या गाडीत स्वतः चढवून दिली. तात्या मात्र त्या गाडीत खिडकीबाहेर बघत बसले. सुली आईच्या कुशीत होती. त्यांनी एकदा तिच्या पायाला हात लावला, तर तिनं पाय आखडून घेतला.

सांगलीत सदामामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ. हळदीच्या पेठेत कामाला, अंगानं धिप्पाड, गडगडाटी हसणारा. त्याचं घर घाटाजवळच, आणि पोहणं म्हणजे त्याचा जीव की प्राण. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गणगोत घाटावर जमलं. दादानं आणि मी भोपळे सोडून पाण्यात उड्या टाकल्या. मामा सोबतीला होता आणि काठावरून तात्यांची मोजणी चालू होती. आम्ही कृष्णा पार केली, खरंच केली! पलीकडच्या वाळूत उभी राहून मी हात हलवला तेव्हा तात्या फेटा काढून नाचवत होते. तेवढं सुख मला पुढं कशातच मिळालं नाही, लग्नातसुद्धा नाही.

परत आलो तसा मामा पाण्यातून ओरडला, "दाजी, उस्ताद बरं हाय तुमी! या की आता, एक फेरी मारू!" तात्या म्हणाले, गुडघा. मामा म्हणाला, पाण्यात गुडघ्याला आराम पडतो. तात्या म्हणाले, आत्ताच न्याहारी झालीय. मावशी म्हणाली, न्याहारी अजून व्हायचीय. तात्या म्हणाले, बूट. तेव्हा घाटावरचे पाच-सहाजण एका सुरात म्हणाले, "मग बूट काडा की!"

तात्यांनी सुलीकडं बघितलं. ती वरच्या पायरीवर बसली होती आणि नुसती बघत होती. ती काहीतरी टोचून बोलली असती तर बरं झालं असतं. तात्यांनी फेटा काढला. बूट काढले, एकाला एक लावून ठेवले. ताठ उभे राहिले, स्वतःलाच हळू आवाजात "सावधान" म्हणाले, आणि कदम टाकत पायऱ्या उतरायला लागले.

पाणी घोट्याला आलं, गुडघ्याला आलं, कमरेला आलं. तात्या हात झुलवत, छाती काढून, नजर समोर ठेवून चालतच होते. पाणी छातीला आलं, हनुवटीला आलं. त्यांना पोहायला येत नव्हतं, पण चालायला येत होतं, आणि "थम" असं कुणी म्हटलं नव्हतं. मिशी बुडाली. डोळे बुडाले. टक्कल गेलं. पाणी वर सपाट झालं आणि तात्या खालून चालत राहिले असावेत.

आम्ही कौतुकानं वाट बघत होतो. मला वाटलं हा पलटणीतला काही खास प्रकार असेल. मामा म्हणाला, "काय दम हाय गा दाजींचा!" इतक्यात आईनं हातातली घागर खाली टाकली, लुगड्याचा काचा खोवला आणि घाटावरून सूर मारला. आमची आई! जिला आम्ही ओढा ओलांडतानासुद्धा हात देत होतो! ती माशासारखी सरकन आत गेली आणि तात्यांना सदऱ्याच्या कॉलरला धरून वर घेऊन आली. पायरीवर त्यांना पालथं घालून पाठीत असे दणके घातले की मला वाटलं पाण्यानं वाचले ते आता आईच्या हातून जातात.

तात्यांनी भरपूर पाणी ओकलं. मग हातावर उठून बसले, आम्हा सगळ्यांकडं बघितलं आणि खोकत खोकत म्हणाले, "ध्यानात ठिवा... असं... असं करायचं नसतं."

मामा हसून हसून पायरीवर लोळला. घाटावरच्या बायकाही पदर तोंडाला लावून हसत होत्या. आई कडाडली, "सदा! दात आत घाल, न्हाईतर पाडून ठिवीन." पण ती सोडून सगळेच हसले. आम्हीही हसलो. तात्याही थोडे हसले, आणि ओल्या पायांतच बूट चढवायला लागले.

घरी आल्यावर ते मामाच्या माजघरात गेले. तिथं हळदीची पोती रचलेली होती, त्यांच्या मागं जाऊन भिंतीकडं तोंड करून निजले. जेवायला उठले तेव्हा त्यांचा एक गाल हळदीनं पिवळाधमक झाला होता, अगदी नवरदेव. एरवी आम्ही पोट धरून हसलो असतो, पण त्या दिवशी कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शिट्टी झाली नाही. मी आणि दादा आपापल्या वाकळेत जागे पडून होतो आणि उठायचं की नाही ते कळत नव्हतं.

मी परसात आईला गाठलं. "तुला पवायला येतं हे सांगितलं का न्हाईस गं?"

"कुनी इचारलं?" ती भांडी घासत म्हणाली.

"आन् तात्यांना येत न्हाई, ते?"

"लगीन झाल्यावर पयल्या उन्हाळ्यात हितं आल्यावर तांब्या घिऊन वरच्या पायरीवर आंगूळ करायचं. तवाच कळलं मला. बोटीतबी तरंगायचा पट्टा बांधून, बूट घालून निजायचं म्हनं." तिनं तवा पालथा घातला. "येवढ्या वरसांनी मानूस घरला आलं. त्याला कायतरी शिकवू दे की पोरांना. माझं काय जातंय?"

सुली तिथंच हौदापाशी बाहुली धूत होती. ती उठली, ओल्या बाहुलीसकट माजघरात गेली. मी दाराआड उभी राहिले. ती पोत्यांमागं वाकून म्हणाली, "तुमाला पान्याचं भ्या वाटतं?"

पोत्यांमागं कूस बदलल्याचा आवाज आला. मग तात्या म्हणाले, "व्हय."

"लय?"

"लय, पोरी."

"मलाबी," सुली म्हणाली. ती पोत्यावर चढून बसली असावी, कारण हळदीचा धुरळा दारापर्यंत आला. "मग काल कशाला उतरला?"

"तू बघत हुतीस न्हवं."

 सुलीला बोलण्यात हरवलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. मग ती म्हणाली, "आवं तात्या, उठा. आपुन दोगं काठावर बसू. त्यांना पवू द्या." मी दाराआड तोंडात पदर कोंबून रडले. पदर नव्हता, परकराचं टोक होतं, पण रडले.

ती दोघं घाटावर शेवटच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसायला लागली. आमच्या घरात भित्रे दोघंच आणि त्यांची आता पलटण झाली होती. सुली त्यांना विचारायची, "घोट्यापत्तुर जायाचं का?" ते म्हणायचे, "तू म्हनशील तसं." हळूहळू सुली आईचा हात धरून कमरेपर्यंत गेली आणि सांगलीहून निघायच्या आत आईनं तिला तरंगायला शिकवलं. मोजणी तात्यांचीच होती. तपकीर त्यांनी त्या आठवड्यात नाकाला लावली नाही. सुली हातपाय मारत त्यांच्या पायापर्यंत यायची, त्यांचा अंगठा पकडायची, की ते असे ओरडायचे की पलीकडच्या काठावरची म्हशी धुणारी माणसं वळून बघायची.

गावी परतल्यावर शिट्टी सुलीकडं गेली. तीच पहाटे फुंकायची, आणि खोंड तिलाही घाबरायचा. अंगणात दादा "एक", मी "दोन", सुली "तीन", आणि लायनीच्या शेवटी, छाती पुढं काढून तात्या ओरडायचे, "चार!" पुढं रजा संपली, ते गेले, आले, परत गेले, आणि सुभेदार होऊन कायमचे घरी आले. त्यांनी गावातल्या निम्म्या पोरांना त्या विहिरीत पोहायला शिकवलं. सगळ्यांना ठाऊक होतं की उस्तादाला पोहता येत नाही. त्यांच्या हाताखाली एकही पोर बुडालं नाही. ते मात्र शेवटपर्यंत पायरीच्या खाली उतरले नाहीत.

गेले ते म्हातारे होऊन, अंथरुणात, झोपेत. आई आधीच गेली होती. अस्थी घेऊन आम्ही तिघं माहुलीच्या संगमावर गेलो. पावसाळा नुकता सरला होता, नदी दोन्ही थडी भरून चालली होती. दादा मडकं घेऊन शेवटच्या पायरीवर उभा राहिला. गुरुजी म्हणाले, "हं, सोडा आता." तेव्हा सुली, जिचे केस पांढरे व्हायला लागले होते आणि जिला सासरी सगळे टरकून असायचे, मागून पुढं आली आणि तिनं दादाचा हात धरला.

"दादा, थांब. असं एकदम सोडू नगंस त्यांना," ती म्हणाली. "ते घाबरतील."

गुरुजी एक पायरी मागं सरकले. दादानं मडकं तिच्या हातात दिलं. तिनं पदर खोवला, मडकं छातीशी धरलं आणि एकेक पायरी अंदाजानं, सावकाश, पाण्यात उतरली. गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहून ती बराच वेळ त्यांच्याशी काहीतरी बोलत होती.